वाचलेले बोलावे कोठे?

चैत्र पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगरावर जो जनसमुदाय लोटतो, त्याची वर्णने पुष्कळ झाली आहेत. उंच सासनकाठ्या, गुलालाने माखलेली देवळे, दवण्याचा वास आणि ‘चांगभलं’चा गजर यांचे कौतुक दरवर्षी होते, व ते यथायोग्यच आहे. परंतु पन्हाळा तालुक्यातील या वाडी रत्नागिरीस व तिच्यासारख्या शेकडो गावांस आणखी एक जुनी रीत ठाऊक आहे, तिच्याकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष जात नाही. ती रीत पोथी लावण्याची होय. एकाने वाचावे, दहा जणांनी ऐकावे, अध्याय संपला म्हणजे जाणत्याने अर्थ सांगावा आणि घरी जाताना बायाबापड्यांनी त्यावर आपसांत बोलावे, असा हा क्रम आहे. जोतिबाचे माहात्म्य सांगणारा ‘केदारविजय’ असो की दुसरा एखादा ग्रंथ असो, तो चार भिंतींआड एकट्याने वाचून संपविण्याची वस्तू आहे असे आमच्या पूर्वजांस कधी वाटले नाही. ग्रंथ हा चारचौघांत उघडावयाचा, ही त्यांची समजूत होती.

आता या रीतीशी आजच्या वाचनाची तुलना करून पाहावी. शाळा वाढल्या, छापखाने वाढले, पुस्तके पूर्वी कधी नव्हती इतकी सुलभ झाली. शाहू महाराजांनी 1917 साली करवीर राज्यात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, त्यास शंभरांवर वर्षे लोटली. ज्या घरांत तीन पिढ्यांपूर्वी अक्षरओळख नव्हती, त्या घरांतील मुली आज कादंबऱ्या, चरित्रे व प्रवासवर्णने वाचतात. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु वाचून झाल्यावर पुढे काय होते? पुस्तक ग्रंथालयात परत जाते, वहीत तारीख पडते, आणि वाचणाऱ्याच्या मनात जे काही उठले असेल ते मनातच विरते. कोणता प्रसंग आवडला, कोठे कंटाळा आला, कोणत्या वाक्यापाशी राग आला, कोणते पात्र आपल्या चुलत्यासारखे वाटले, हे कोणी कोणास विचारीत नाही व कोणी कोणास सांगत नाही. पोथी ऐकणारा निरक्षर श्रोता वाचलेल्या मजकुराविषयी बोलत होता. पुस्तक वाचणारा साक्षर वाचक मुका झाला आहे. ही प्रगती खरी, पण एका पायावर उभी असलेली.

या बाबतीत करवीर प्रांतावर विशेष जबाबदारी आहे असे आम्ही समजतो. कोल्हापुरात 1850 साली स्थापन झालेले ग्रंथालय आज करवीर नगर वाचन मंदिर या नावाने चालू आहे. हिंदुस्थानातील पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1945 साली झाला तो कोल्हापूर संस्थानातच. मद्रासचा कायदा त्यानंतर, 1948 साली आला. महाराष्ट्र राज्याचा कायदा 1967 चा आहे, व त्याच्या आश्रयाने गावोगावची ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत बसून अनुदान घेत असतात. कायद्याने आपले काम केले. पुस्तके किती, सभासद किती, नियतकालिके किती, हे तो मोजतो, आणि मोजता येण्याजोगे तेवढेच कायद्याने मोजावे हे रास्त आहे. परंतु वाचकास काय वाटले याचा रकाना कोणत्याही सरकारी तक्त्यात नसतो व असूही नये. तो रकाना लोकांनी स्वतः भरावयाचा असतो. जेथे लोक तो भरीत नाहीत तेथे ग्रंथालय म्हणजे पुस्तकांची कोठी होऊन बसते.

वाचलेले बोलून दाखविल्याने काय होते, याचा दाखला पाहिजे असेल तर दूर जाण्याचे कारण नाही. या डोंगरावरील देवाचेच नाव धारण करणाऱ्या पुरुषाचे चरित्र पाहावे. 1827 साली जन्मलेल्या जोतिराव फुल्यांचे नाव जोतिबाच्या यात्रेवरून ठेवले गेले असे सांगतात. हेच जोतिराव विशीत असताना टॉमस पेन या ग्रंथकाराचे मनुष्याच्या हक्कांविषयीचे पुस्तक सदाशिवराव गोवंडे आदि मित्रांच्या संगतीने वाचीत व त्याचा खल करीत, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. ते पुस्तक 1791 साली विलायतेत निघाले. त्याच्या पुण्यातील वाचनातून ज्या मनाची घडण झाली, त्या मनाने 1848 साली मुलींची शाळा काढली व 1873 साली सत्यशोधक समाज स्थापिला. एकट्या पुस्तकाने हे केले असे आम्ही म्हणत नाही. परंतु पुस्तक वाचून गप्प बसणारा तरुण आणि पुस्तक वाचून मित्रास ‘याविषयी तुझे काय मत?’ असे विचारणारा तरुण, यांत जे अंतर आहे ते लहान नव्हे.

याच जोतिरावांनी 1885 साली आणखी एक गोष्ट केली, ती प्रत्येक वाचकाने ध्यानात ठेवावी. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यास मराठी ग्रंथकारांची सभा भरावयाची होती व तीस येण्याविषयी जोतिरावांस विनंती झाली. त्यांनी ती नाकारली, आणि जे लोक सर्वांस मनुष्यत्वाचे हक्क देण्यास राजी नाहीत त्यांच्या ग्रंथांशी आमच्या भावनांचा मेळ बसत नाही, अशा आशयाचे उत्तर धाडले. ते पत्र ‘ज्ञानोदया’त छापून आले. रानड्यांविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे. तथापि त्या दिवशी मराठी ग्रंथकारांस जे कळावयास पाहिजे होते ते सभेतील भाषणांनी कळले नसते. ते सभेबाहेर राहिलेल्या एका वाचकाच्या रोखठोक अभिप्रायाने कळले. ज्यांचे जिणे पुस्तकांत येत नाही त्यांनी तसे म्हटले नाही, तर लिहिणाऱ्यास ते कळावे कसे? ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली, तीदेखील छापून येणाऱ्या स्त्रीनिंदेवर एका वाचणाऱ्या बाईने दिलेला जबाबच होती.

म्हणून वाचकांचे साधे, रोजचे अभिप्राय हा रिकामपणाचा विषय आहे असे आम्हांस वाटत नाही. कोणी म्हणेल की, सामान्य मनुष्याच्या मताला काय किंमत? रसग्रहण हे पंडितांचे काम. गुलाल-खोबऱ्याचे दुकान चालविणाऱ्याने कादंबरीविषयी काय सांगावे? या आक्षेपास न्यायालयातील एका साध्या नियमाने उत्तर देता येते. ज्याने स्वतः पाहिले त्याची साक्ष ग्राह्य; ज्याने दुसऱ्याकडून ऐकले त्याचे बोलणे ऐकीव. जो पुस्तक स्वतः वाचून ‘मला हे पटले नाही’ असे म्हणतो तो प्रत्यक्ष साक्षीदार आहे, मग तो कितीही थोडे शिकलेला असो. जो न वाचता प्रस्तावनेतील व वर्तमानपत्रातील वाक्ये फेकतो, तो पदवीधर असला तरी ऐकीव पुरावाच देत असतो. आमच्या समाजात दुसऱ्या प्रकारचे साक्षीदार उदंड झाले आहेत. न वाचलेल्या पुस्तकांवर बंदी मागणारे व न वाचलेल्या पुस्तकांची पूजा करणारे, दोघेही याच जातीचे. यांवर खरा उतारा एकच, आणि तो म्हणजे वाचून बोलणाऱ्यांची संख्या वाढविणे.

दुसरा आक्षेप असा की, लोकांस सवड नाही, आणि असलेली सवड हातातील दूरध्वनी खाऊन टाकतो. हे बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु भजनास सवड मिळते, निवडणुकीच्या गप्पांस मिळते, क्रिकेटच्या चर्चेस तर अर्धी रात्र मिळते. जेथे बोलावयास सोबत असते तेथे सवड आपोआप निघते.

आमची सूचना अगदी अल्प खर्चाची आहे. प्रत्येक ग्रंथालयाने, आणि जेथे ग्रंथालय नाही तेथे शाळेतील कपाटाने, एक जाड वही ठेवावी. पुस्तक परत करणाऱ्याने तीत पुस्तकाचे नाव व चार ओळी लिहाव्या. लिहिता न येणाऱ्याचे बोलणे दुसऱ्याने उतरून घ्यावे. आठवड्यातून एक सायंकाळ ठरवून दहा-वीस माणसांनी बसावे. जोतिबाच्या डोंगरावर रविवार हा देवाचा वार असल्याने त्या दिवशी पुजारी, दुकानदार व खानावळवाले यांस श्वास घेण्यास फुरसत नसते. तेथे आठवड्याच्या मधला एखादा वार धरावा. एकाने पुस्तकातील पानभर मजकूर मोठ्याने वाचावा, मग आपणांस काय वाटले ते सांगावे, आणि इतरांनी विचारावे. अध्यक्ष नको, हार नकोत, आभारप्रदर्शन नको. स्त्रियांस शेवटी दोन शब्द बोलण्याची सवलत देण्याऐवजी आरंभीच बोलावयास सांगावे, व वेळ त्यांच्या सोयीची धरावी. पोथीच्या बैठकीत आणि या बैठकीत भेद एवढाच की, तेथे श्रोत्याने मान डोलवावयाची असते. येथे त्यास मान हलविण्याचाही अधिकार असावा. जुन्या रीतीतील सोबत घ्यावी व तीत नव्या काळाचा प्रश्न घालावा, एवढेच आमचे मागणे आहे.

राज्यात यासंबंधी काही प्रयत्न झाले आहेत. डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, हा 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. सातारा जिल्ह्यातील भिलार हे वेल्समधील हे-ऑन-वायच्या धर्तीवर 2017 साली पुस्तकांचे गाव झाले, आणि घराघरांतून पाहुण्यांसाठी पुस्तके मांडली गेली. हे स्तुत्य आहे. परंतु एका दिवसाच्या प्रेरणेस उरलेल्या दिवसांचा आधार पाहिजे, आणि पुस्तके मांडणाऱ्या गावाइतकीच पुस्तकांविषयी भांडणाऱ्या गावाची गरज आहे.

1907 साली मॅट्रिक झालेल्या एका विद्यार्थ्यास कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. तो विद्यार्थी भीमराव आंबेडकर. त्या पुस्तकाचे पुढे काय झाले हे 1956 साली नागपुरात जगाने पाहिले. कोणते पुस्तक कोणाच्या हाती पडून काय करील हे आधी सांगता येत नाही. पण ते हातोहात फिरले पाहिजे, आणि फिरताना त्याबरोबर एका जिवंत माणसाचा शब्द गेला पाहिजे. राज्य आपले झाले त्यास पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली. मत मात्र अजून पुष्कळांस दुसऱ्याचेच उसने घ्यावे लागते. ‘मी हे वाचले, आणि मला असे वाटले’, हे वाक्य भीड न धरता उच्चारण्याची सवय ज्या गावास लागेल, त्या गावास आपल्या इतर गोष्टींविषयीही बोलता येईल. येत्या चैत्राच्या आत डोंगरावर व पायथ्याच्या खेड्यांत अशा दहा वह्या उघडल्या गेल्या, तरी आरंभास पुरेसे आहे.