पुडीचा कागद आणि पेटीतली वही

वाचकहो, आपल्या वस्त्यांत लिहिणाऱ्यांची उणीव नाही. दांडेकर पूल असो, ताडीवाला रोड असो की येरवडा, कपड्यांच्या पेटीत तळाशी ठेवलेली एखादी वही कुठल्या ना कुठल्या घरात असतेच. कुणी दोन-चार कविता उतरवलेल्या असतात, कुणी आजीच्या तोंडच्या आठवणी. ‘दाखवा की जरा’ म्हटले, की उत्तर येते, ‘आमचं काय वाचण्यासारखं असणार?’ आम्हीही लिहू पाहणाऱ्यांतलेच. लिहायला बसलो की हाच प्रश्न आमचाही हात धरतो. म्हणून आज त्याचे उत्तर आपल्याच माणसांकडे मागू या.

पहिले उत्तर याच पुणे शहरात मिळते. मुक्ता साळवे ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी. वय अवघे चौदा, शाळेत येऊन तीनच वर्षे झालेली. तिने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’ या पत्रात छापून आला. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आम्हाला धर्म कोणता, असा रोखठोक सवाल तिने त्यात केला. त्याचबरोबर घरावर छप्पर नसताना थंडी-पावसात बाळंत होणाऱ्या बायांचे हालही लिहिले. हे तिने कुठल्या पुस्तकात वाचले असणार? ते तिने आजूबाजूला पाहिले होते. शाळेने तिला अक्षर दिले, मजकूर मात्र घरचाच होता.

दुसरे उत्तर सातारा जिल्ह्यातल्या फलटणला मिळते. बेबीताई कांबळे यांचा जन्म १९२९ चा. लहान वयात लग्न झाले, मुलाबाळांचा मोठा संसार, आणि पोटासाठी किराण्याचे छोटे दुकान. दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची. त्या कागदात साखर-डाळ बांधण्याआधी बेबीताई तो वाचून काढायच्या. असे वाचता वाचता लिहावेसे वाटू लागले. मालक माल आणायला बाहेर गेले की त्या दुकानात बसून लिहायच्या आणि लिहिलेले कागद कुणाच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी दडवायच्या. घरात कुणाला कळू न देता अशी तब्बल वीस वर्षे गेली.

पुढे फलटणला राहून काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या विदुषींनी ते लेखन पाहिले आणि छापायचा आग्रह धरला. १९८२ साली पुण्याच्या ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आले, १९८६ साली ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तक झाले. २००८ साली माया पंडित यांनी ते इंग्रजीत नेले. २०१२ साली बेबीताई गेल्या. रद्दीच्या कागदावर वाचन केलेल्या या माऊलीचे पुस्तक आज विद्यापीठांत अभ्यासले जाते.

या दोघींचे लिखाण शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत १३१ वर्षांचे अंतर. तरी बेबीताईंच्या पुस्तकातही बाळंतीण आहेच. पोटात अन्न नाही, अंगाखाली धड चिंधी नाही. मधल्या काळात मराठीत पुस्तके काही कमी निघाली नाहीत. पण त्या बाळंतिणीच्या उशाशी बसलेली बाई लिहीपर्यंत ती पुस्तकात कशी येणार? बाहेरच्याला ते ठाऊकच नव्हते. ‘आमचं काय वाचण्यासारखं’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. जे फक्त आपल्या घराला ठाऊक आहे, ते आपण लिहिले नाही तर दुसरा कुणीही लिहिणार नाही.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. मोठमोठे ग्रंथ लिहिणाऱ्या या महामानवाने लहानपणीचा एक प्रवासही लिहून ठेवला. वडिलांना भेटायला निघालेली भावंडे, मसूर स्टेशनवर जात कळताच गाडीवाल्यांनी फिरवलेली पाठ, आणि वाटेत कुणी पाणी न दिल्याने उपाशी काढलेली रात्र. त्यांच्या निधनानंतर १९९० साली ते टिपण छापून आले. एका रात्रीची तहान त्यांना लिहिण्याजोगी वाटली, मग आपल्या आजीचे आयुष्य लिहिण्याजोगे का नसावे?

कुणी म्हणेल, आमची भाषा शुद्ध नाही. बेबीताईंच्या पुस्तकाचे नावच पाहा. घरात बोलतो तसे ‘जिणं’, घरात म्हणतो तसे ‘आमुचं’. कुणी म्हणेल, वेळ नाही, जागा नाही. दुकानाच्या गल्ल्यापेक्षा वाईट जागा कोणती? वाचायला पैसे नसतील तर अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके स्वस्तात मिळतात, आणि विहाराच्या कपाटातले बाबासाहेबांचे खंड कुणीतरी उघडण्याची वाट पाहत असतात.

मात्र एक गोष्ट एकट्या लिहिणाऱ्याच्या हातात नसते. बेबीताईंना वीस वर्षे लपवावे लागले, कारण घरात हसतील, रागावतील ही भीती होती. ती वीस वर्षे त्यांना कुणी परत दिली नाहीत. म्हणून बंधूंनो, तुमच्या घरात बायको, बहीण, सून वही घेऊन बसली तर तिची थट्टा करू नका. तेवढा वेळ चहा तुम्ही टाका. लिहून झाले की म्हणा, ‘वाचून दाखव.’ पहिला वाचक घरातच मिळाला तर वही पेटीच्या तळाशी जाणार नाही.

आणि हे काम उद्यावर ढकलण्यासारखे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरची दीक्षाभूमी पाहिलेले मूल आज सत्तरीच्या पुढे गेले आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर पुण्यातली घरे वाहून गेली, तेव्हा कडेवर पोर आणि डोक्यावर बोचके घेऊन निघालेल्या बाया आता थोड्याच उरल्या. त्या कुठे झोपल्या, काय खाल्ले, पुन्हा चूल कुठे मांडली, हे त्याच सांगू शकतात. या रविवारी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा. एकच प्रश्न विचारा आणि ऐकाल तसे, त्यांच्याच शब्दांत, लिहून घ्या. वर तारीख घाला, खाली त्यांचे नाव लिहा. आणि ती वही पेटीत न ठेवता बाहेर, सगळ्यांच्या हाताला येईल अशी ठेवा.