दमसास आणि दम्याचा पंप

'दम' हा शब्द मराठीत धावपटूच्या कौतुकासाठी वापरला जातो आणि त्यालाच एक काना जोडला की तो आजाराचे नाव होतो. शब्दांच्या या जवळिकीमुळेच की काय, ज्याला दमा आहे त्याच्यात दम असूच शकत नाही, अशी समजूत आपल्या घरांत आणि मैदानांवर पक्की बसली आहे. आम्ही या संस्थेच्या मैदानावर लांब पल्ल्याचे धावणे शिकलेले काही माजी विद्यार्थी. आमच्यापैकी काहींना लहानपणापासून दमा आहे, तर काहींची मुले आज तो घेऊन त्याच मैदानावर धावत आहेत. इतक्या वर्षांच्या अनुभवातून आमचे मत असे झाले आहे की, तुटपुंज्या उत्पन्नाच्या घरातील दमेकरी धावपटूला आजारापेक्षा खर्चाचा चुकलेला क्रम अधिक आडवा येतो. बुटांसाठी कर्ज काढले जाते, बदाम आणले जातात, प्रोटीनचा डबा येतो. श्वासनलिकेची सूज उतरवणारे औषध मात्र 'त्रास झाला तर बघू' या सदरात जाते.

आधी हा त्रास धावताना का होतो ते पाहू. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. जोराने धावताना हाच आकडा शंभर लिटरच्या आसपास किंवा त्याहून वर जातो आणि ती हवा नाकाऐवजी तोंडातून आत शिरते. नाकातून जाताना हवेला जी ऊब व ओल मिळते ती मिळत नाही. श्वासनलिका कोरडी पडते आणि तिच्याभोवतीचे स्नायू आखडतात. गंमत अशी की हे आखडणे बहुधा धावताना नव्हे, तर धावून थांबल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत सर्वाधिक होते. म्हणूनच शर्यत बऱ्यापैकी संपवलेला मुलगा नंतर झाडाखाली खोकत बसतो आणि क्रीडाशिक्षक त्याच्या नावापुढे 'स्टॅमिना कमी' असे लिहून मोकळे होतात. स्टॅमिना वाढवण्यासाठी मग त्याला आणखी दोन फेऱ्या मारायला लावल्या जातात!

पीक फ्लो मीटर नावाची प्लास्टिकची नळी या गैरसमजावर साधा उपाय आहे. तिला वीज लागत नाही आणि ती वर्षानुवर्षे टिकते. धावण्यापूर्वी जोरात फुंकून आकडा लिहावा. थांबल्यावर पाच, दहा व पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकावे. चारशेचा आकडा तीनशे चाळीसवर किंवा त्याखाली आला, म्हणजेच पंधरा टक्के वा अधिक घसरला, तर तो दम्याचा सबळ संकेत समजून डॉक्टरांकडे जावे. ज्याच्या श्वासनलिका आखडत नाहीत आणि जो केवळ सरावाअभावी थकतो, त्याचा आकडा असा घसरत नाही.

दमा घेऊन किती दूर जाता येते याची उदाहरणे जगासमोर आहेत. इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफ यांना चौदाव्या वर्षी दम्याचे निदान झाले; २००३ साली लंडनमध्ये त्यांनी २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण करून महिलांचा जागतिक विक्रम केला. इथिओपियाच्या हायले गेब्रसेलासी यांचे उदाहरण आम्हांला अधिक मोलाचे वाटते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तेथील प्रदूषित हवा व आपला दमा लक्षात घेऊन त्यांनी मॅरेथॉन सोडली आणि फक्त दहा हजार मीटरची शर्यत धावली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बर्लिनला त्यांनी २ तास ३ मिनिटे ५९ सेकंदांचा विश्वविक्रम केला. कोणत्या दिवशी धावायचे नाही, हे ओळखणे हेही धावपटूचेच काम आहे.

आता पैशांविषयी. दम्याचे पंप ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक तात्काळ आराम देणारा, सालब्युटामॉलचा. आपल्याकडे बहुतेकांना 'निळा पंप' म्हणून तोच ठाऊक. दुसरा रोज घ्यायचा, ब्युडेसोनाइडसारख्या औषधाचा, जो आतली सूज हळूहळू कमी करतो. निळा पंप स्वस्त आणि त्याचा परिणाम पाच मिनिटांत दिसतो. म्हणून गरीब घरात तोच एकटा येतो आणि एकटाच राहतो. पण तो सुजेला हात लावत नाही. एकट्या सालब्युटामॉलवर प्रौढांनी व किशोरवयीनांनी विसंबू नये, असे दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शनात २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे. निळ्या पंपात सहसा दोनशे फवारे असतात. तो महिन्यात संपला, तर दिवसाला सुमारे सात फवारे घेतले गेले, असा हिशेब होतो. वर्षाला असे तीन पंप संपणे हीच धोक्याची खूण मानली जाते. बारा संपत असतील, तर प्रश्न जिवाचा आहे. जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगातील सुमारे १३ टक्के दमेकरी भारतात आहेत, मात्र दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतात होतात. या दोन आकड्यांमधील दरीत अर्धवट उपचारांचा वाटा मोठा आहे.

रोजच्या औषधाबद्दल घरोघरी दोन धास्ती आढळतात. पंपाची सवय लागते, ही पहिली. आणि त्यात स्टेरॉइड असते, ही दुसरी. चष्म्याची जितकी सवय लागते तितकीच पंपाची. स्टेरॉइड असते हे खरे; परंतु गोळीतील मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि पंपातील मायक्रोग्रॅममध्ये, शिवाय ती थेट श्वासनलिकेत जाते. औषध घेतल्यावर पाण्याने गुळण्या करून थुंकण्याची शिस्त पाळली, म्हणजे तोंड येण्याचा त्रासही टळतो. याउलट, खात्रीचा इलाज म्हणून बिनलेबलाच्या पुड्या विकल्या जातात, त्यांत अनेकदा गोळीचेच स्टेरॉइड कुटून घातलेले असते. पंपाला घाबरणारे पालक ही पुडी निर्धास्तपणे देतात, याचे आम्हांला नेहमीच नवल वाटत आले आहे.

खर्च कमी करण्याच्या वाटा आहेत. सालब्युटामॉल व ब्युडेसोनाइड ही दोन्ही औषधे सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. सरकारी रुग्णालयात आणि जनऔषधी केंद्रात आधी विचारावे, दुकानात नंतर. मोठा पंप एकदम घेणे जड जात असेल, तर कोरड्या भुकटीच्या कॅप्सूल व त्या फिरवून ओढण्याचे साधे यंत्र यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. तो मार्ग बहुधा स्वस्त पडतो. सामान्य पंपावर किती फवारे उरले हे पुष्कळदा दिसत नाही. तो पाण्यात तरंगवून पाहण्याची जुनी युक्ती भरवशाची नाही. पंप उघडल्याची तारीख त्यावर लिहून हिशेब ठेवावा. आणि पंप नीट ओढता आला नाही, तर बरेचसे औषध घशातच बसते, म्हणजे पैसे वाया जातात. यासाठी स्पेसर वापरतात. तोही परवडत नसेल, तर केप टाउनच्या डॉक्टरांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्यांनी अर्धा लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडले, फट डिंकाने घट्ट बंद केली आणि दम्याचा झटका आलेल्या मुलांना त्यातून औषध दिले. विकतच्या स्पेसरइतकाच गुण आला. फट उघडी राहिलेली बाटली मात्र तितकी उपयोगी ठरली नाही. तेव्हा बाटली करावी, पण नीट करावी आणि डॉक्टरांना दाखवून घ्यावी.

राज्य वा राष्ट्रीय स्तरावर जाणाऱ्या मुलांनी एक सावधगिरी बाळगलीच पाहिजे. ओढून घेण्याचे सालब्युटामॉल उत्तेजक-विरोधी नियमांत ठरावीक मर्यादेपर्यंत चालते: चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅम, आणि कोणत्याही आठ तासांत ६०० हून अधिक नाही. एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम धरले, तर आठ तासांत सहा फवारे. ज्याला याहून अधिक लागतात त्याने शर्यतीला नव्हे, दवाखान्यात जावे. परंतु सालब्युटामॉलची गोळी किंवा सिरप यांना ही सवलत नाही. खोकल्याच्या कित्येक सिरपांत असणारे टर्ब्युटालिन तर पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही स्वरूपात चालत नाही. गावच्या दुकानातून आणलेल्या एका बाटलीपायी वर्षानुवर्षांची मेहनत बाद होऊ शकते. बाटलीवरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय म्हणूनच लावावी.

काही गोष्टींना तर पैसाच लागत नाही. एकदम सुसाट न सुटता दहा-पंधरा मिनिटे हळू धाव, मध्येच छोट्या वेगाच्या फेऱ्या, पुन्हा हळू धाव असे अंग तापवले, तर अनेकांच्या श्वासनलिका पुढचे तास-दोन तास कमी आखडतात. थंडीच्या पहाटे नाकातोंडावरून सुती रुमाल बांधला की आत जाणारी हवा ओलसर व उबदार होते. मैदानावर फक्की मारायची ती आदल्या संध्याकाळी; धावण्याच्या मार्गावर पाणी शिंपडावे; कुंपणालगतचे गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी उपटावे, मात्र ते काम दमेकरी मुलाला सांगू नये. शेजारच्या शिवारात पाचट पेटले असेल, त्या दिवशी सराव आतल्या सभागृहात घ्यावा. वसतिगृहातील घोंगड्या व गाद्या उन्हात पडाव्यात आणि खोलीत डासांची अगरबत्ती जळू नये. आपल्याकडे मुले रोज आनापानाला बसतात. श्वासाकडे पाहण्याने भीती ओसरते, हे आम्ही अनुभवले आहे. पण आखडलेली नलिका त्याने उघडत नाही. मूल एक वाक्य सलग बोलू शकत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर त्याला डोळे मिटायला सांगू नये. पंप द्यावा आणि गाडी काढावी.

सर्वांत अवघड भाग लपवाछपवीचा आहे. पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरची तयारी करणारा तरुण पंप बॅगेच्या तळाशी ठेवतो. मुलीचे पालक 'ॲलर्जीचा खोकला' म्हणतात, कारण पुढे स्थळ पाहायचे असते. या भीतीला आधार नाही, असे आम्ही म्हणणार नाही. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत दमा अपात्रतेचे कारण ठरतो, आणि हे मुलांना बारावीनंतर नव्हे, आठवी-नववीतच सांगितले पाहिजे, म्हणजे त्यांच्या हाती दुसरी वाट शोधायला वेळ उरतो. पण लपवलेला दमा तपासणीपर्यंतही नीट पोहोचू देत नाही. औषध चोरून घेतले जाते, म्हणजे कधीतरीच घेतले जाते. ज्या मैदानावर प्रशिक्षक स्वतःहून 'पंप आणलास का?' असे बुटांबद्दल विचारावे तितक्या सहजपणे विचारतात, तिथे ही चोरी आपोआप थांबते.

संस्थेकडे आमची विनंती आहे. दरवर्षी जूनमध्ये क्रीडासाहित्याची यादी मंजुरीला जाते. बूट, भाले, गोळे यांच्याबरोबर त्या यादीत एक पीक फ्लो मीटर, त्याच्या बदलत्या तोंडनळ्या आणि दोन स्पेसर लिहिले जावेत. दमा असलेल्या प्रत्येक मुलाचे रोजचे औषध व संकटकाळी काय करायचे ते डॉक्टरांकडून एका कागदावर मराठीत लिहून घ्यावे. एक प्रत अधीक्षकांकडे, एक क्रीडाशिक्षकांकडे. तात्काळ आरामाचा पंप कार्यालयाच्या कुलपात न ठेवता मुलाच्या खिशात, आणि एक जास्तीचा मैदानावरच्या पिशवीत असावा. ज्या पालकांना रोजचे औषध परवडत नाही, त्यांच्या मुलांचा या वर्षीचा औषधखर्च आम्ही माजी विद्यार्थी वर्गणीतून उचलू. नावे फक्त अधीक्षकांना ठाऊक असली तरी पुरे.