मोठ्यांना इंग्रजी शिकवायचंय? आधी त्यांची गरज विचारा

राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले २००० साली. त्याआधी ते पाचवीपासून होते. त्यामुळे आज पस्तिशी ओलांडलेल्या अनेकांना इंग्रजी जेमतेम वाचता येते, बोलताना मात्र जीभ अडखळते. अशांना शिकवायला स्वयंसेवक हवेत.

सरकारी योजना आहे ना?
केंद्राची ‘उल्लास’ योजना (२०२२-२७) स्वयंसेवकांवरच चालते. पण तिचा मुख्य भर १५ वर्षांवरील निरक्षरांना वाचन, लेखन आणि अंकज्ञान देण्यावर आहे. दहावी होऊनही मुलाखतीत गप्प बसणारा माणूस त्यात बसत नाही.

शिकवायचे काय?
व्याकरणाच्या तक्त्यांपासून सुरुवात नको. रिक्षाचालकाला पत्ता विचारायचा असतो, आईला शाळेचा मेसेज समजून घ्यायचा असतो. तीच वाक्ये आधी बोलून घ्या. प्रत्येक चूक लगेच सुधारू नका. समोरचा बोलायचाच थांबतो.

पदवी लागते का?
नाही, नियमितपणा लागतो. दिवसभराचे काम उरकून आलेला माणूस शिक्षक नाही म्हणून दोनदा परत गेला, की तिसऱ्यांदा फिरकत नाही. आठवड्याचे दोन तास सलग तीन महिने देता येणार नसतील, तर नाव न नोंदवलेलेच बरे.