सीमेपलीकडील पाताळकोट

सुट्टी जवळ आली कीं घरोघर प्रवासाचे बेत सुरू होतात. मुलांचा ओढा चिखलदऱ्याकडे असतो, वडील मंडळींच्या मनांत काशी-प्रयाग घोळत असतें. अशा वेळीं आपल्या जिल्ह्यांतील वाचकांस एक जवळचें, परंतु फारसें परिचित नसलेलें स्थळ सुचवावेंसें वाटतें. वर्ध्याहून नागपूर, सावनेर, सौंसर, छिंदवाडा व तामिया या मार्गानें तेथें जातां येतें. छिंदवाड्यापासून सुमारें ७८ किलोमीटरांवर, सातपुड्याच्या कुशींत, पाताळकोट नांवाची दरी आहे.

घोड्याच्या नालेसारखे वळलेले उभे कडे, त्यांच्या पायथ्याशीं १२०० ते १५०० फूट खोल अरण्य, आणि त्यांतून नर्मदेकडे धांवणारी दुधी नदी, असें तिचें रूप आहे. विस्तार सुमारें ७९ चौरस किलोमीटर. मेघनाद शिवाराधना करून येथूनच पाताळांत उतरला, अशी लोककथा आहे. दरींत रातेड, चिमटीपूर, गैलडुब्बा अशीं भारिया व गोंड लोकांचीं लहान लहान गांवें आहेत. कड्यांच्या आडोशामुळें तेथें सूर्य उशिरा दिसतो व लवकर मावळतो.

'परप्रांतांत कशाला जावयाचें?' असें कोणी म्हणेल. परंतु ही सीमा फार जुनी नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत वर्धा व छिंदवाडा हे एकाच प्रांताचे जिल्हे होते व त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. जिच्यावरून आपल्या जिल्ह्यास नांव मिळालें, ती वर्धा नदी तरी कोठली? बैतूल जिल्ह्यांत मुलताईजवळ, त्याच सातपुड्यांत, तिचा उगम आहे. महादेवाच्या यात्रेस त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागडावर जाणाऱ्या वऱ्हाडी-नागपुरी भाविकांस तर ही सीमा कधीं जाणवलीच नाहीं.

या डोंगरांचें आपल्यावर ऋणही आहे. १८१७ सालीं सीताबर्डीवर पराभव झाल्यानंतर अप्पासाहेब भोसले पुढील वर्षीं इंग्रजांच्या कैदेतून निसटले, तेव्हां महादेवाच्या डोंगरांतील गोंडांनींच त्यांस आश्रय दिला. राज्य गेलेल्या राजास थारा देण्यांत लाभ कांहींच नव्हता, धोका मात्र मोठा होता.

दुसरें ऋण आपल्या स्वयंपाकघरांतलें आहे. श्रीखंडावर व बासुंदींत आपण जी चारोळी घालतों, ती मध्य भारताच्या अरण्यांतून वनवासी स्त्रीपुरुष एकेक फळ वेंचून आणतात. एके काळीं व्यापारी या चारोळीच्या मोबदल्यांत त्यांच्या पदरांत मीठ घालून मोकळे होत. सणावारीं चारोळीचा डबा उघडतांना घरांतील मुलांस एवढी गोष्ट अवश्य सांगावी.

आतां मुख्य मुद्दा. अशा स्थळाहून परतलेले सुशिक्षित लोक बहुधा दोहोंपैकीं एक उद्गार काढतात. कोणी म्हणतो, 'केवढे हे मागासलेले लोक!' दुसरा म्हणतो, 'काय निर्मळ जीवन! तेथें रस्ता होऊं नये.' पहिल्या उद्गारांत अहंकार आहे, तो लगेच ओळखूं येतो. दुसऱ्यांतील स्वार्थ मात्र सौंदर्यप्रीतीचा शेला पांघरून येतो. अडलेल्या बाळंतिणीस झोळींत घालून तो कडा चढावयाचा म्हणजे काय, हें ज्यास कधीं करावें लागत नाहीं, त्यासच रस्त्याविना दरी शोभिवंत वाटते. आपल्या गांवीं दवाखाना, शाळा व सडक हवी म्हणून आपणच अर्ज करतों. मग तोच हक्क भारियांस नाकारणारे आपण कोण? अलीकडे दरींतील कांहीं गांवांपर्यंत मोटार जाऊं लागली आहे, याचा खेद नव्हे, आनंद मानला पाहिजे. २०१९ सालीं शासनानें पाताळकोटास जैवविविधता वारसास्थळ ठरविलें, तेंही योग्यच झालें. मात्र वृक्षांची काळजी वाहतांना त्यांच्या छायेंतील माणसांस विसरून चालणार नाहीं. अरण्य राखून रस्ता कसा करावा, हें त्या माणसांस विचारूनच ठरविलें पाहिजे.

मेघदूतांतील मेघ आम्रकूटावर विसांवतो. पण आधीं तो त्या पर्वताचा वणवा विझवतो, म्हणून पर्वत त्यास आदरानें शिरावर धारण करतो. पाहुण्यानें हा क्रम लक्षांत ठेवावा.

तेव्हां अवश्य जावें. पावसाळा संपल्यावर दरी हिरवीगार असते व वाटाही सुकलेल्या असतात. शिधा व पिण्याचें पाणी बरोबर असावें, कागदकचरा परत आणावा. कोणाच्या अंगणांत विचारल्यावांचून शिरूं नये व छायाचित्र घेऊं नये. मुलांस गोळ्या वांटून दातृत्वाचें समाधान मिळवूं नये; त्यापेक्षां त्या भागांतील आठवडी बाजारांत चारोळी, हिरडा, कोदो-कुटकी घ्यावी आणि भाव करतांना मिठाची ती गोष्ट आठवावी.