शेवाळाचा अर्क आणि आपली पारख



मागच्या आठवड्यात शेजारच्या वहिनी एक बाटली घेऊन आल्या. दारावर आलेल्या विक्रेत्याने ती पाहायला ठेवली होती. समुद्रशेवाळाच्या अर्काच्या गोळ्या. त्यातील अँटिऑक्सिडंटमुळे म्हणे कॅन्सर होत नाही! किंमत भावजींच्या चार दिवसांच्या मजुरीएवढी. भावजी बिडी ओढतात, म्हणून वहिनींना काळजी. ‘‘घेऊ का हो?’’ त्यांनी विचारले.

आधी वस्तू समजून घेऊ. जुना चिवडा खवट होतो, कारण हवेतला ऑक्सिजन त्यातले तेल बिघडवतो. ही क्रिया रोखणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. सरगॅसमसारख्या तपकिरी समुद्रशेवाळात फ्लोरोटॅनिन नावाचे असे पदार्थ खरोखरच असतात.

ते काढण्यासाठी शेवाळ गोड्या पाण्याने धुऊन रेती व मीठ घालवतात. जास्त उष्णतेने गुण कमी होतो, म्हणून ते सावलीत सुकवून दळतात. भुकटी अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणात भिजवून गाळतात. मग हवेचा दाब कमी करून मंद उष्णतेवर अल्कोहोल उडवतात. उरतो तो गडद अर्क. डीपीपीएच या जांभळ्या रसायनात तो घातला की रंग उतरून पिवळट होतो. जितका रंग उतरेल तितका अर्क प्रभावी.

पण नळीतला रंग उतरला म्हणजे माणसाचा कॅन्सर टळला, असे होत नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बीटा कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर कमी तर झाला नाहीच, उलट १८ टक्के जास्त आढळला! तो पदार्थ शेवाळातला नव्हता. पण गोळी घेतली की रक्षण झाले, हा समज किती फसवा आहे ते त्यातून कळते.

किनाऱ्यावरचे शेवाळ आणून घरी काढाही करू नये. काही शेवाळांत आयोडीन फार असते, त्याने थायरॉईड बिघडू शकते. सरगॅसमच्या काही जातींत आर्सेनिक हे विषही असते.

कोणी सांगितले, कुठे लिहिले आहे, एवढ्यावरून मानू नका. स्वतः पारखा, हे तथागतांनी कालामांना सांगितले. बाटलीवरच्या अक्षरांनाही तोच नियम लावावा.

वहिनींनी बाटली परत केली. त्या पैशांत घरात भाजी, डाळ, पेरू आले. आता भावजींची बिडी सुटली पाहिजे. कॅन्सर टाळण्याचा तो खरा उपाय, आणि त्याला पैसे पडत नाहीत; उलट वाचतात.