झोत अडवण्याची विद्या

कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरच्या वाटेवर रात्रभर पायी भाविकांची रीघ असते. समोरून ट्रकचा झोत अंगावर आला की डोळ्यांपुढे हात धरावा लागतो, तेव्हा कुठे कडेनं चालणारी माणसं दिसतात. परक्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचं थेट छायाचित्र घेण्याची युक्ती हीच. फक्त तिथला फरक अफाट आहे. दुरून पाहिलं तर आपला सूर्य पृथ्वीपेक्षा सुमारे एक हजार कोटी पट तेजस्वी दिसेल.

झोत अडवणाऱ्या उपकरणाला कोरोनाग्राफ म्हणतात. फ्रान्सच्या बर्नार लिओ यांनी ते 1930च्या सुमारास घडवलं, सूर्याचं प्रभामंडल ग्रहणाविना पाहता यावं म्हणून. पुढं अमेरिकेतल्या पालोमार डोंगरावर त्याला हवेमुळं थरथरणारी प्रतिमा सावरणाऱ्या यंत्रणेची जोड मिळाली आणि ग्लीझ 229 या ताऱ्याचा अंधूक जोडीदार सापडला; 1995 साली ते जाहीर झालं. शोधणाऱ्यांत होते कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी. तो ग्रह नव्हे, तपकिरी बटू, म्हणजे ग्रहाहून जड पण तारा होऊ न शकलेला गोळा; पण गुरूसारखा मिथेन त्यात होता. तो एक नसून दोन आहेत, बारा दिवसांत एकमेकांभोवती फिरतात, हे 2024मध्ये कळलं. मला मोलाची वाटते तो जोडीदार पहिल्यांदा टिपणारी पालोमारची दुर्बीण: अवघी दीड मीटरची! आणि तेही पाच मीटरची हेल दुर्बीण त्याच डोंगरावर असताना.

त्याच छोट्या दुर्बिणीवर पुढं पुण्याची आयुका आणि अमेरिकेतली कॅलटेक या संस्थांचं रोबो-एओ हे प्रतिमा सावरणारं यंत्र बसलं. आकाशात अतिनील लेसर सोडायचा, हवेची थरथर मोजायची, त्याबरहुकूम आरशाचा आकार बदलायचा, सगळं माणसाविना. केप्लर अवकाश दुर्बिणीनं सुचवलेल्या शेकडो संभाव्य ग्रहांचे तारे त्यानं तपासले. आता जेम्स वेब अवकाश दुर्बिणीनं कोरोनाग्राफ लावूनच 2025मध्ये टीडब्ल्यूए 7 ताऱ्याजवळ शनीच्या वजनाचा ग्रह टिपला.

आपण मुलांना शोध सांगतो, शोधणाऱ्याचं नाव सांगतो. भिंग घासणारे, सर्किट जोडणारे, आज्ञावली लिहिणारे मात्र धड्यात येतच नाहीत. यांच्याविना यातलं एकही छायाचित्र निघालं नसतं. मराठवाड्यातल्या पोरांच्या हातातही ते कसब आहे, त्यांना हे सांगायलाच हवं.

शिक्षकांनो, फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास मुलांना गावाबाहेर अंधारात न्या. दक्षिणेकडं तोंड करा. व्याधाच्या उजवीकडं, थोडा खाली, शशक तारकासमूहात ग्लीझ 229 आहे. नकाशा हाती असेल तर साध्या द्विनेत्रीतून सापडतो. जोडीदार दिसणार नाही. तो का दिसत नाही, ते मुलांनाच विचारा.