डेटा आला, मराठी राहिली

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती बऱ्याच जुन्या यंत्रांत नसते. त्यामुळे छापखाने, शाळा, डीटीपीवाले यांचे धडधाकट चालणारे पीसीही बाद ठरले. मग नव्या पीसीसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग येतात, जोडणारा विंडोज टाकतो, जुनी हार्ड डिस्क लावून सगळे फोल्डर नव्या एसएसडीवर उतरवतो. ‘डेटा आला, साहेब’ म्हणत पैसे घेऊन निघतो.

आला खरा. पण २००२ ची स्मरणिका उघडावी, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि डॉलरची चिन्हे!

श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांत मजकूर मराठी म्हणून साठवलेलाच नसे. इंग्रजी अक्षरांच्या घरांत काना, वेलांटी, अर्धा स यांची चित्रे बसवलेली असत आणि फाइलमध्ये फक्त घराचा नंबर. शिवाय प्रत्येक कंपनीची घरे वेगळी. फॉन्ट पुन्हा टाकला की मजकूर दिसतो, पण त्यात एखादे नाव शोधायला जावे तर सापडत नाही. प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला नंबर देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरी छपाईधंदा जुन्या फॉन्टांना धरून राहिला. यात निव्वळ आळस नव्हता. ज्या पेजमेकरवर सगळी पाने लागत, त्याला युनिकोड देवनागरी कळतच नव्हती.

मग जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणारा कन्व्हर्टर वापरावा? जरूर, पण डोळे झाकून नव्हे. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती नंतर येते. कच्चा कन्व्हर्टर ती एकच अक्षर पुढे सरकवतो आणि ‘स्थिती’ची ‘सि्थती’ होते. रफारही असाच भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. पाचशे पानांच्या पुस्तकात हे निस्तरायला मुद्रितशोधकच लागतो, आणि त्याचा मेहनताना नव्या पीसीच्या अंदाजपत्रकात कोणीच धरत नाही. ग्राफिक कार्डाला मात्र पैसे निघतात.

हा खर्च एकेका छोट्या प्रकाशकाच्या गळ्यात मारणेही बरोबर नाही. फॉन्ट कंपन्यांनी आपल्या जुन्या फॉन्टांचे तक्ते खुले करावेत आणि राज्य मराठी विकास संस्थेने त्यांवरून तपासलेले कन्व्हर्टर मोफत द्यावेत. ते होईपर्यंत जुना पीसी भंगारात घालू नये. तो चालू आहे तोवर मूळ फाइल, तिचा फॉन्ट आणि पानांची पीडीएफ अशा तिन्ही गोष्टी एकाच फोल्डरात ठेवाव्यात. रूपांतर चुकले तर ताडून पाहायला पीडीएफच कामी येते. पेजमेकरच्या फाइलींची घाई अधिक. त्या उघडणारी इनडिझाइनची शेवटची आवृत्ती सीएस६, तीही २०१२ ची.